न्यावे की ठेवावे

दामिराने दोन्ही पुस्तिका उघडून प्रोफेसरांच्या पुढ्यात शेजारी शेजारी ठेवल्या आणि खिडकीतल्या वाऱ्याने पानं उलटू नयेत म्हणून प्रत्येकीवर साखरेचे खडे ठेवले. टेबलावर दुसरं वजनदार काही नव्हतं.

"वाचा, अगाय," ती म्हणाली. "आधी हिरवी, मग निळी."

अगाय म्हणजे गुरुजी. सुयुनबेक अकमातोविच यांना बिश्केकमधला प्रत्येक डॉक्टर अगायच म्हणत असे. देशातल्या निम्म्या हृदयतज्ज्ञांना स्टेथोस्कोप धरायला त्यांनी शिकवलं होतं आणि उरलेल्या निम्म्यांना त्यांच्या शिष्यांनी. हृदयोपचारांच्या मार्गदर्शिका तयार करणाऱ्या समितीचे ते पहिल्यापासूनचे अध्यक्ष, आणि दामिरा त्यांची विद्यार्थिनी आणि आता समितीची चिटणीस. त्यांनी कपाळावरचा चष्मा खाली ओढला, हिरव्या पुस्तिकेतल्या ओळीवर बोट ठेवलं आणि ओठ हलवत वाचू लागले.

हिरवी पुस्तिका रुग्णालयांसाठी होती. तीत म्हटलं होतं, की हृदयाचा झटका आलेल्या रुग्णाला शहरातल्या मोठ्या केंद्रात वेळेत पोचवणं शक्य नसेल, तर रक्ताची गुठळी विरघळवणारं इंजेक्शन आहे त्याच जागी, ताबडतोब द्यावं आणि मग न्यावं. निळी पुस्तिका रुग्णवाहिकांसाठी आणि खेड्यांतल्या दवाखान्यांसाठी होती. तीत म्हटलं होतं, की अशा रुग्णाला क्षणाचाही विलंब न लावता मोठ्या केंद्राकडे न्यावं. हृदयतज्ज्ञ हजर नसताना ते इंजेक्शन मुळीच देऊ नये.

अगायांनी दोन्ही वाचल्या. मग साखरेचा एक खडा उचलून तोंडात टाकला.

"दोन्ही चांगल्या लिहिल्यात," ते म्हणाले.

"चांगल्या आहेत. पण एक म्हणते ठेवा, दुसरी म्हणते न्या."

"परिस्थिती पाहून डॉक्टरने ठरवायचं."

परिस्थिती पाहून डॉक्टरने ठरवायचं होतं, तर मग दोन रंगांत पुस्तिका छापल्या कशाला? डोंगरातल्या नारिन शहराच्याही वरच्या अंगाला, जिथे हृदयतज्ज्ञ म्हणजे वर्षाकाठी एखादं व्याख्यान देऊन, मेंढीचं मटण खाऊन परत जाणारा पाहुणा, तिथल्या एकट्या डॉक्टरने परिस्थिती पाहायची, रुग्णाची नाडीही पाहायची आणि वर या दोन पुस्तिकांचं भांडणही सोडवायचं. हे असलं बोलणं दामिरा मार्चपासून ऐकत होती.

टेबलाच्या पलीकडे वेनेरा एजे, म्हणजे वेनेराताई, बसल्या होत्या. निळी पुस्तिका त्यांच्या गटाने केलेली. बाई मनाने वाईट नव्हत्या, पण आपल्या पुस्तिकेला कुणी बोट लावलं की पिल्लावर हात टाकल्यासारख्या फिस्कारायच्या. त्यांनी सांगितलं, की निळी पुस्तिका परदेशातल्या मोठमोठ्या तज्ज्ञांच्या पुस्तकावर बेतलेली आहे, तीत एक अक्षर इकडचं तिकडे केलेलं नाही.

खरंच होतं ते. एक अक्षर इकडचं तिकडे झालं नव्हतं. मेट्रोच्या स्थानकात कोसळलेल्या रुग्णाला सरकत्या जिन्यावरून कसं वर आणावं, याचा अख्खा परिच्छेद त्या निळ्या पुस्तिकेत जसाच्या तसा उतरला होता. आमच्या देशात मेट्रो नाही. डोंगर मात्र आहेत, आणि त्यांच्याबद्दल त्या पुस्तिकेत चकार शब्द नव्हता. मूळ पुस्तक लिहिणाऱ्यांचा देश सपाट असणार; तिथे बर्फ पडलं तरी रस्ता रस्त्याच्याच जागी सापडत असणार. हिरवी पुस्तिका दुसऱ्याच कुठल्या देशाच्या पुस्तकावरून घेतलेली, पण ती करणाऱ्यांनी निदान आपला नकाशा उघडून पाहिला होता.

आणि दोन्हींच्या पहिल्या पानावर, सगळ्यात वर, सही होती सुयुनबेक अकमातोविच यांची.

हे कसं झालं ते शोधायला फार लांब जावं लागत नव्हतं. आमच्याकडे कुठल्याही शहाण्या कागदावर सगळ्यात वडील माणसाचं नाव वर असावं लागतं. नसलं तर कागद पोरका दिसतो. हिरव्या गटाने आपली पुस्तिका अगायांच्या घरी नेली, सोबत चुचुक नावाचं घोड्याच्या मांसाचं सॉसेज नेलं. जेवणाचा दस्तरखान मांडलेला, चहा ओतलेला. अशा वेळी चष्मा लावून पानन् पान वाचत बसणं म्हणजे आणणाऱ्यांवर अविश्वास दाखवणं. अगायांनी सही केली. पुढे निळा गट गेला. पुन्हा दस्तरखान, पुन्हा चहा, पुन्हा सही. एका गटाने दुसऱ्याला विचारलं नाही, की बाबांनो, तुम्ही काय लिहिलंत? वडिलांनी सही केली आहे, म्हणजे त्यांनी दोन्ही ताडून पाहिलं असणार. तसं पाहिलं का, असं विचारणं म्हणजे पाहिलं नसेल असा संशय घेणं. असा संशय आमच्याकडे घेतला तरी तोंडातून काढत नाहीत.

सगळा मान राखला गेला. मेला तो इशेन.

इशेन म्हणजे वरच्या खोऱ्यातला रस्ते खात्याचा चालक, खिंडीतलं बर्फ बाजूला सारणारं यंत्र चालवणारा. जानेवारीत त्याच्या छातीत कळ आली आणि गावच्या दवाखान्यात मेदेर नावाच्या तरुण डॉक्टरने त्याला तपासलं. झटका होता, यात शंका नव्हती. इंजेक्शन कपाटात होतं. मेदेरने हिरवी उघडली, निळी उघडली. आदल्या वर्षी शेजारच्या खोऱ्यातल्या एका डॉक्टरने हिरवीप्रमाणे इंजेक्शन दिलं होतं, तर तपासणी पथकाने निळी पुढे धरून त्याच्यावर ठपका ठेवला होता. ही गोष्ट सगळ्या खेड्यांतल्या सगळ्या डॉक्टरांना पाठ होती. मेदेरने इंजेक्शन कपाटातच ठेवलं आणि इशेनला गाडीत घातलं. गाडी खिंडीखाली अडकली. रस्ता मोकळा करणारा माणूस गाडीतच आडवा पडला होता. तो तिथेच गेला.

मग तपासणी पथक आलं. या खेपेला हिरवी घेऊन. कपाटात इंजेक्शन असताना दिलं का नाही, म्हणून मेदेरवर ठपका.

चोर सोडून संन्याशाला सुळी, ती अशी. ठपका राहिला तर उन्हाळा संपता मेदेरची नेमणूक संपणार होती. सायबेरियातल्या कुठल्याशा रुग्णालयाचं बोलावणं त्याच्याकडे येऊन पडलं होतं आणि बायकोने भांडी बांधायला घेतली होती. तो गेला की खोऱ्यात उरणार एक सुईण आणि एक दात काढणारा. दामिराला समितीकडून फक्त एक वाक्य हवं होतं: याआधीच्या दोन मार्गदर्शिका या मुद्द्यावर परस्परविरुद्ध होत्या. तेवढं समितीने लिहून दिलं असतं तर मेदेरवरचा ठपका आपोआप गळून पडला असता. तेवढ्यासाठी तिने आज अगायांच्या नावाने मेदेरला खाली शहरात बोलावलं होतं.

तो आत आला तेव्हा दारातच उभा राहिला. उन्हाने चेहरा करपलेला, कोट कुणाचा तरी उसना आणलेला. अगायांनी उठून त्याचा हात दोन्ही हातांत घेतला, घरची चौकशी केली, गुरांची केली, रस्त्याची केली. मेदेर सगळ्याला "ठीक आहे" म्हणाला. मग बैठक पुन्हा सुरू झाली, नेहमीप्रमाणे रशियनमध्ये, कारण कामाचं सगळं आम्ही रशियनमध्ये बोलतो आणि घरचं सगळं किरगिझमध्ये.

अगाय मेदेरवर रागावलेले नव्हते. उलट त्यांना त्याचा कळवळाच आला होता. त्यांनी सांगितलं, की दामिराचं म्हणणं रास्त आहे, दोन पुस्तिका नकोत, एकच हवी. या वर्षीच नवी काढू. हिरवीतलं चांगलं घेऊ, निळीतलं चांगलं घेऊ.

"हिरवी आणि निळी मिसळली की कोणता रंग होतो? मोरपंखी. मोरपंखी काढू."

वेनेरा एजे हसल्या. मेदेरही वडिलांच्या मानाने थोडा हसला. दामिरा हसली नाही.

"आणि ते वाक्य?" तिने विचारलं.

"कुठलं?"

"आधीच्या दोन परस्परविरुद्ध होत्या, हे."

अगायांनी दुसरा खडा उचलला, पण तोंडात टाकला नाही. "नवी आली की जुनी कोण बघतं? झाकली मूठ सव्वा लाखाची असते, मुली."

"मूठ आपली झाकलेली राहील. याचा गळा आवळला जाईल."

"ठपका तपासणीवाल्यांनी ठेवला, आपण नाही ठेवला."

"आपल्याच पुस्तिकेवर बोट ठेवून ठेवला."

वेनेरा एजेंनी मध्येच सांगितलं, की असं वाक्य लिहून दिलं तर उद्या दर खोऱ्यातून एकेक डॉक्टर अर्ज घेऊन येईल, गेल्या सगळ्या वर्षांतले मेलेले उकरून काढले जातील, आणि लोक म्हणतील, यांच्या पुस्तिकांवर विश्वास ठेवायचा तरी कसा. दामिरा म्हणाली, की तेच तर म्हणायला हवं लोकांनी. तिचा आवाज चढला होता. आपल्या गुरूपुढे आवाज चढवायची तिची ही पहिलीच वेळ, आणि चढल्यावर तो खाली कसा आणायचा ते तिला सुचेना.

अशा वेळी आमच्याकडे चहा सांगतात. अगाय स्वतः उठून दारापाशी गेले.

बाहेरच्या बाकावर एक म्हातारी बसली होती. डोक्याला पांढरा रुमाल, पायांत रबरी जोडे, मांडीवर पिशवी आणि पिशवीवर दोन्ही हात. अगाय सत्तरीच्या पुढचे, पण ही त्यांच्याहून चांगलीच वडील दिसत होती. इतकं वय बाहेर ताटकळत बसलंय आणि आपण आत खुर्चीत, हे अगायांना सोसण्यासारखं नव्हतं. त्यांनी छातीवर हात ठेवून सलाम केला, कुणाकडे आलात, काय काम, काही न विचारता तिला हाताला धरून आत आणलं आणि दारापासून सगळ्यात लांबच्या, मानाच्या, म्हणजे स्वतःच्याच खुर्चीवर बसवलं. आपण बाजूच्या स्टुलावर बसले. त्यांचं हे वागणं मनापासूनचं होतं. दामिरालाही ते कबूल करावं लागलं असतं.

मेदेर ताडकन उभा राहिला होता.

"या बुर्माकान अपा," तो म्हणाला. "इशेनच्या आई. मुलीकडे जायचंय म्हणाल्या, म्हणून गाडीतून आणलं."

वेनेरा एजेंनी पेल्यात चहा ओतला, अर्धाच. काठोकाठ भरला की पाहुण्याला "प्या आणि निघा" म्हटल्यासारखं होतं. म्हातारीने पेला दोन्ही हातांनी घेतला. टेबलावरच्या पुस्तिका पाहिल्या, साखरेचे खडे पाहिले, एकेकाचा चेहरा पाहिला. मग अगायांकडे वळली.

"मेदेरला बोलावणारा तू का, बाळा?"

या खोलीत अगायांना बाळ म्हणणारं कुणी कधी आलं नव्हतं. "मीच, अपा," ते म्हणाले. आता ते किरगिझमध्ये बोलत होते; अपा म्हणजे आईसारखी वडीलधारी बाई.

"मुलीकडे मला जायचं नाहीये. तुलाच सांगायचं होतं. गाडीत सांगितलं असतं तर यानं मला आणलंच नसतं." तिने पेला खाली ठेवला. "याची चूक नाही. याच्यावर काही ठेवू नका. चूक माझी आहे."

आणि तिने सांगितलं. तिचं घर खिंडीच्या रस्त्यालगत. दवाखान्यातून निरोप आला, की इशेनला शहरात नेतायत. ती नान घेऊन धावली आणि रस्त्याच्या मधोमध उभी राहिली. गाडीला थांबावंच लागलं. लांबच्या वाटेला निघालेल्या मुलाने नानचा एक घास तोडायचा आणि उरलेला नान घरात टांगून ठेवायचा, परतल्यावर त्यानेच तो संपवायचा. सैन्यात जाताना इशेनने असाच घास तोडला होता आणि असाच परत आला होता. तशी ती आता त्याला कशी जाऊ देणार होती?

"मागचं दार उघडायला लावलं. त्याला चावताही येईना. मी नान ओठाला धरून ठेवला, तोड रे, थोडा तरी तोड. हा मेदेर म्हणत होता, अपा, उशीर होतोय. मी ऐकलं नाही. शेवटी इतकासा तुकडा तोडला त्यानं." तिने बोटाचं पेर दाखवलं. "तेवढ्या वेळात खिंड बंद झाली. थांबवलं नसतं तर पोचला असता. नान अजून घरात टांगलाय. उतरवूही शकत नाही मी, आणि फेकूही शकत नाही."

ती रडली नाही. हे सगळं तिचं मनात इतक्या वेळा बोलून झालं होतं, की आता ते कुणा दुसऱ्याचं सांगावं तसं येत होतं.

अगायांचे डोळे भरून आले होते, त्यांनी रुमालाने नाक पुसलं. पण दामिरा त्यांना पुरती ओळखत होती. त्या भरल्या डोळ्यांमागे काहीतरी सैल पडल्याचं तिला दिसलं. गाडीचं रुतलेलं चाक अचानक मोकळं व्हावं तसं. ते तिच्याकडे वळले आणि रशियनमध्ये, हलक्या आवाजात म्हणाले:

"लिहून घे. रुग्णाच्या नातेवाइकांनी वाहन अडवल्याने विलंब झाला. बस. मेदेर सुटला, आणि पुस्तिकेचा प्रश्नच उरत नाही. नावही लिहायला नको."

वेनेरा एजेंनी मान हलवली. एवढं सोपं उत्तर बाकावर बसलेलं होतं आणि आपण उगाच घसा कोरडा केला, असा काहीसा भाव त्यांच्या चेहऱ्यावर होता.

बाजारात सफरचंदांचा भाव करण्यापुरती रशियन म्हातारीला येत होती. ही रशियन तिला कळली नाही. आपलं म्हणणं लिहून घेतायत एवढं तिला उमजलं आणि ती समाधानाने पेल्याकडे वळली.

दामिराने मेदेरकडे पाहिलं. त्याच्या चेहऱ्यावरही एक क्षणभर ते सैलपण आलं होतं. का येऊ नये? बांधलेली भांडी, परका देश, उसना कोट, सगळं एका वाक्याने मिटत होतं. तो खाली टेबलाकडे बघत राहिला. मग रशियनमध्येच म्हणाला:

"खिंड तेव्हा बंद झाली नाही. सकाळपासूनच बंद होती."

"काय?"

"आम्ही दवाखान्यातून निघायच्या आधीपासून बंद होती. मला फोनवर सांगितलं होतं. दुसरा चालक येतोय, उघडेल म्हणाले, म्हणून निघालो. नाही उघडली तर काय, हे मला कळत होतं. पण निळीत न्या म्हटलंय, म्हणून नेलं." त्याने म्हातारीकडे एकदा पाहिलं. "यांनी थांबवलं त्यानं काहीच झालं नाही. त्या असं धरून बसल्यात हे मला माहीतच नव्हतं. आजवर एक शब्द बोलल्या नाहीत."

"मेदेर, बाळ," अगाय म्हणाले, "दोर टाकलाय तर धर. त्या स्वतःहून सांगतायत. आपण थोडंच त्यांच्यावर लादतोय."

"मला नको हा दोर."

"तुझ्या एकट्याचा प्रश्न नाही. खोऱ्याला डॉक्टर हवा."

हे खरं होतं, आणि म्हणूनच ते ऐकून दामिराच्या अंगाचा तिळपापड झाला. माणसाला खऱ्या गोष्टीच्या ओझ्याखाली खोटं कबूल करायला लावण्याची ही हातोटी तिने याच टेबलावर अनेकदा पाहिली होती. आज पहिल्यांदा त्या ओझ्याखाली एक आई होती, आणि तिला त्याचा पत्ता नव्हता. ती चहा फुंकून पीत होती.

"दामिरा, लिहिलंस?"

"नाही, अगाय."

तिने पेन खाली ठेवलं.

"मी लिहीन. पण आधी हे वाक्य तुम्ही अपांना सांगा. आपल्या भाषेत, त्यांना कळेल असं. त्यांच्याबद्दलचं आहे, त्यांना कळायला नको?"

"दामिरा," वेनेरा एजे दबक्या आवाजात म्हणाल्या, "समोरच्याचं वय बघ जरा."

"तेच बघतेय, एजे. दोघांचंही."

म्हातारीने नावं ऐकली, आवाज ऐकले आणि पेला ठेवून अगायांकडे पाहू लागली. शिकलेला माणूस आता काही सांगणार म्हणून तिने रुमाल सारखा केला आणि ताठ बसली.

"अपा," अगायांनी सुरुवात केली.

आणि तिथेच थांबले. रशियनमध्ये ते कचेरीतलं एक साधं वाक्य होतं, रोज अशी पन्नास लिहिली जातात. घरातल्या भाषेत ते आणायचं, तर आपल्याहून वडील असलेल्या एका बाईला, तिच्या तोंडावर, तुझा मुलगा तुझ्यामुळे गेला म्हणून सांगायचं होतं. ते खोटं आहे हे आता त्यांना ठाऊक होतं. त्यांनी घसा खाकरला. चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला. ही सवड दामिराने त्यांना दिली.

"अपा, खिंड आधीच बंद होती," अगाय शेवटी म्हणाले. "तुम्ही थांबवायच्या आधी. सकाळपासून."

म्हातारीने मेदेरकडे पाहिलं. त्याने मान डोलावली.

"मग इशेनला नेलं कशाला?"

"न्यायला नको होतं. इंजेक्शन दवाखान्यातच होतं. ते तिथेच द्यायला हवं होतं."

"मग यानं का नाही दिलं?"

"देऊ नको, असं आम्ही लिहिलं होतं." अगायांनी निळ्या पुस्तिकेवर हात ठेवला. मग तोच हात उचलून हिरव्या पुस्तिकेवर ठेवला. "आणि दे, असंही लिहिलं होतं."

"कुणी लिहिलं?"

वेनेरा एजेंनी मान खाली घातली. अगायांनी त्यांच्याकडे पाहिलं नाही.

"दोन्हींवर सही माझी आहे, अपा."

आता ही कोसळेल, असं सगळ्यांना वाटलं. मेदेर अर्धवट उठलाही. पण बुर्माकान अपा कोसळली नाही. तिने मांडीवरची पिशवी बाजूला ठेवली, दोन्ही तळवे टेबलावर टेकले आणि हळूहळू उभी राहिली. ती उभी राहिली म्हणून अगायांनाही स्टुलावरून उठावं लागलं, मग बाकीच्यांनाही. तिच्या आवाजात मघाचं सांगणं उरलं नव्हतं. हा आवाज तिचा स्वतःचा होता आणि तो संतापलेला होता.

"बर्फ वितळलं," ती म्हणाली. "मेंढ्या वरच्या कुरणावर गेल्या. मी रोज सकाळी उठून त्या नानकडे बघते आणि स्वतःला शिव्या घालते. सून माझ्याशी बोलत नाही, मी म्हणते, बरोबरच आहे तिचं." तिने आळीपाळीने सगळ्यांकडे पाहिलं, अगायांकडे, वेनेरा एजेंकडे, आणि दामिराकडेही. "तुम्हाला हे केव्हापासून माहीत होतं?"

आता ती बाळा म्हणत नव्हती.

खिडकी वाऱ्याने आपटली. ती लावायला कुणी गेलं नाही. दामिराला मार्चपासून माहीत होतं. मार्चपासून तिने अर्ज केले होते, टिपणं काढली होती, दोन्ही पुस्तिकांतल्या ओळींखाली रेघा मारल्या होत्या, मेदेरसाठी भांडली होती. वरच्या खोऱ्यात एक निरोप पाठवावा, हे तिच्या डोक्यातही आलं नव्हतं.

म्हातारी उभीच राहिली, आणि ती उभी असेपर्यंत कुणाला बसता येईना.

दामिराने उभ्या उभ्याच पेन उचललं. बैठकीच्या इतिवृत्तात आजवर किरगिझचं एक अक्षर आलं नव्हतं. तिने म्हातारीचा प्रश्न होता तसाच, म्हातारीच्याच शब्दांत लिहिला आणि त्याखाली म्हातारीचं पूर्ण नाव घातलं. वेनेरा एजे काही सांगायला पुढे झुकल्या, पण अगायांनी हाताने त्यांना थांबवलं.

दामिराने प्रश्नाखाली पुरेशी जागा मोकळी सोडली. मग कागद फिरवला आणि पेनासकट अगायांपुढे सरकवला.